मुलांच्या पोटदुखीचे फसवे रूप

बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे उजव्या ओटीपोटात स्थिरावले की ॲपेंडिसायटिसची, म्हणजे आंत्रपुच्छाच्या दाहाची, शंका घ्यावी, हे बहुतेकांस ठाऊक आहे. मुलांत मात्र हा रोग कधी कधी वेष पालटून येतो. आंत्रपुच्छ मोठ्या आतड्यामागे दडलेले असल्यास मूल कंबर दुखते म्हणते वा उजव्या पायाने लंगडते. ते खाली मूत्राशयापाशी उतरलेले असल्यास जुलाब होतात, वारंवार लघवी लागते. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियंड यांनी ११ वर्षांच्या मुलाचे आंत्रपुच्छ काढले, ते तर हर्नियात सापडले, आणि त्यात टाचणी होती!

आमच्या बेगमबाजारातील घरांत अशा वेळी ओवा नाहीतर एरंडेल पुढे येते. ओव्याविषयी आमची तक्रार नाही. एरंडेलाने मात्र सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचे भय असते. ५ वर्षांखालील मुलांत ते तसेही लवकर फुटते. फुटल्यावर दुखणे कधी काही काळ ओसरते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. खरा धोका तेव्हाच असतो. उलट्या, ताप, आणि पोटास हात लावू न देणारे मूल, मग जुलाब असोत वा नसोत, त्याच रात्री निलोफर रुग्णालयात किंवा जवळच्या शल्यचिकित्सकाकडे न्यावे. वाटेत काही खाऊपिऊ घालू नये.