स्नायूंची डागडुजी

यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर ज्या खांद्यांनी जू वाहिले, काळ्या मातीत नांगर ओढला, त्या खांद्यांना तूप व हळद लावून शेकतात. या शेकण्याने बैलास सुख वाटत असेल. परंतु दुखावलेल्या स्नायूंची खरी डागडुजी त्याच्या शरीराच्या आतच चाललेली असते. ती कशी होते?

स्नायू हा असंख्य बारीक तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशीच होय. ही पेशी विभागून नवी पेशी निर्माण करू शकत नाही. मग तुटलेला तंतू सांधतो कोण? १९६१ साली अलेक्झांडर मॉरो या अमेरिकन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले. तंतू आणि त्यावरील पातळ आवरण यांच्यामधील फटीत त्याला चिमुकल्या पेशी दिसल्या. त्यांना उपग्रह-पेशी असे नाव मिळाले. बेडूक असो, बैल असो वा माणूस, सर्वांच्या स्नायूंत त्या असतात. एरवी त्या झोपलेल्या असतात. इजा होताच जाग्या होतात, एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात. मग काही एकमेकींत मिसळून नवा तंतू बनतात, तर काही जखमी तंतूस जुळतात. थोड्या मात्र पुन्हा झोपी जातात. पुढच्या दुखापतीसाठी कोणीतरी शिल्लक राहावयास हवे ना!

येथे वेळेचे फार महत्त्व आहे. या पेशी वाढतच राहिल्या, तर स्नायू तयार होणारच नाही; फार लवकर थांबल्या, तर जखम भरण्यास पेशी अपुऱ्या पडतील. मग त्यांना आज्ञा कोण देतो?

पेशीतील डीएनएमध्ये प्रथिने बनविण्याची माहिती साठविलेली असते. त्या माहितीची आरएनए नावाची नक्कल निघते व तिच्यावरून प्रथिन बनते. परंतु काही आरएनएंवरून कोणतेच प्रथिन बनत नाही. त्यांची पूर्वी फारशी दखल घेतली जात नसे. १९९३ साली व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत दाखवून दिले की, असा एक अगदी आखूड आरएनए दुसऱ्या आरएनएला चिकटतो आणि त्यावरून प्रथिन बनू देत नाही. या सूक्ष्म-आरएनएच्या शोधाबद्दल त्या दोघांना २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

स्नायूंत १, १३३ आणि २०६ या क्रमांकांचे सूक्ष्म-आरएनए विशेषत्वाने आढळतात. नावांऐवजी आकडे रुक्ष वाटतील, पण त्यांचे काम मुळीच रुक्ष नाही. १३३ हा पेशींची संख्या वाढण्यास साहाय्य करतो. १ आणि २०६ यांचे काम नेमके उलट आहे. उपग्रह-पेशीला आहे त्याच अवस्थेत राखणारे पॅक्स-७ नावाचे प्रथिन ते बनू देत नाहीत. त्यामुळे पेशींची वाढ थांबते व त्या तंतू होण्याच्या वाटेस लागतात.

ड्यूशेन नावाचा एक आनुवंशिक रोग मुख्यतः मुलग्यांना होतो. त्यात तंतू पुन्हा पुन्हा तुटतात, उपग्रह-पेशी पुन्हा पुन्हा जाग्या होतात आणि अखेर डागडुजी मागे पडते. अशा मुलास बहुधा तुमच्याच वयाच्या सुमारास चालणे अशक्य होऊ लागते. २०१२ साली शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या उंदरांत २०६ नव्हता, त्यांच्या स्नायूंची इजा भरून येण्यास अधिक वेळ लागला. आणि ज्यांना ड्यूशेनसारखा रोग होता, त्यांच्यात २०६ नसताना तो अधिक वेगाने वाढला.