कचारगड : पूर्वजांची जत्रा

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातल्या धनेगावात जिकडे बघावं तिकडे पिवळे झेंडे. यंदा मीही गेलो.

कचारगडची गुहा म्हणजे गोंड समाजाच्या पूर्वजांचं मूळ ठाणं. कथा अशी : इथे कोंडलेल्या 33 मुलांना गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि माता जंगो रायताड यांनी सोडवलं. तोंडावरची शिळा हटवताना वादक हिरासुका पाटालीरचा जीव गेला.

मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसं येतात. जत्रेतल्या दुकानांत पिवळे गमछे, गोंडी कॅलेंडरं, पुस्तकं. मी पुस्तकांपाशीच रेंगाळलो. गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगालींचं लेखन मिळालं तर सोडू नका!

रेल्वेने दरेकसाला उतरा. पुढे चढण आहे, पाणी जवळ ठेवा. पूजेचे फोटो विचारूनच काढा.