पेट्रोल की डिझेल? निवृत्तीनंतरच्या गाडीचा विचार



विषयाचं नाव वाचून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस इंजिनावर काय बोलणार? त्यातून हे नाशिक आहे. समोर बसलेल्यांपैकी काही जण सातपूरच्या 'मायको'तून, म्हणजे आजच्या बॉशमधून निवृत्त झालेले आहेत. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर ज्यांच्या हातातून गेले, त्यांना मी इंजिन शिकवू पाहणं बरोबर दिसणार नाही. मला बोलायचं आहे ते निवड कशी करावी यावर. गाडी हे त्याचं उदाहरण. आणि उदाहरण किरकोळ नाही, कारण त्यात ग्रॅच्युइटीची रक्कम गुंतते, आणि हातपाय धड असण्याची जी काही वर्षं उरली आहेत तीही गुंततात.

आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवू. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हा वाद तिकडे ऐकला असेल : मोटारहोम 'गॅस' घ्यावं की डिझेल? मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर, आत पलंग, ओटा, संडास. तिथे 'गॅस' म्हणजे आपलं पेट्रोल. आपल्याकडे गॅस म्हटलं की सीएनजी, नाहीतर स्वयंपाकाचं सिलिंडर. तिकडे पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या चॅसी मिळतात, म्हणून तो वाद तिथे खरा आहे. आपल्याकडे कॅरॅव्हॅन बहुधा फोर्स ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीवर बांधलेली असते, म्हणजे निवड आधीच झालेली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण नाशिकच्या निवृत्त जोडप्यापुढचा रोजचा प्रश्न वेगळा आहे. सात आसनी गाडी घ्यायची, मागची सीट पाडून सामान टाकायचं, आणि नर्मदा परिक्रमा, काशी, हंपी, कोकण करायचं. ती गाडी पेट्रोल घ्यावी, डिझेल घ्यावी की सीएनजी?

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय आहे, प्रयोजन आहे, तर्क आहे, निर्णय आहे. वाद, जल्प आणि वितंडाही आहेत. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं खोडत बसायचं ती वितंडा. घरात गाडी घ्यायची निघाली की पहिल्या दहा मिनिटांत आपण वितंडेवर येतो. मेहुणा म्हणतो, डिझेलशिवाय गाडी नाही. मुलगा म्हणतो, डिझेल संपलं आता. दोघंही प्रयोजन विचारत नाहीत. तुम्ही वर्षातून किती दिवस, किती किलोमीटर, कुठे आणि कोणाबरोबर जाणार आहात? याचं उत्तर आल्याशिवाय संशय फिटणार नाही.

आता फरक काय तो थोडक्यात पाहू. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचं मिश्रण ठिणगीने पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं चालतं इंजिन १८९७ सालचं, तेव्हापासून तत्त्व हेच. पेट्रोलमध्ये हवा साधारण १० ते १२ पट दाबली जाते, डिझेलमध्ये १५ पटींच्या पुढे. जास्त दाबामुळे इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. म्हणून डिझेल गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते, आणि टर्बोच्या जोडीने कमी फेऱ्यांवरही जोर लावते. सात माणसं, टपावर सामान आणि समोर कसारा घाट, अशा वेळी डिझेल गाडी गिअर न बदलता चढते ती यामुळे. पण हाच दाब सोसायला इंजिन जड लागतं, सुटे भाग महाग लागतात, आणि बीएस-६ नंतर धूर स्वच्छ करायची यंत्रणाही महाग झाली.

आता हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ रुपये लिटर धरू. भरलेली मोठी गाडी पेट्रोलवर १२, डिझेलवर १५ किलोमीटर देते असं धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये ६७ पैसे, डिझेलचा ६ रुपये ७ पैसे. बचत २ रुपये ६० पैसे. डिझेल गाडीला सुरुवातीलाच २ लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला सुमारे ७७,००० किलोमीटर लागतात. वर्षाला २०,००० चालवणाऱ्याचे पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. पण निवृत्त माणूस वर्षाला ८,००० चालवतो असं धरलं, तर साडेनऊ वर्षं. आता त्यात आपलं आजचं वय मिळवा.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. तेच २ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १६,४०० रुपये व्याज येतं. डिझेलवर ८,००० किलोमीटरची बचत २०,८००. फरक उरला ४,४०० रुपयांचा. एखाद्या मोठ्या सर्व्हिसिंगमध्ये तो संपतो. डिझेल गाडी विकताना थोडे जास्त पैसे येतात, हे मान्य. तरीही 'डिझेल स्वस्त पडतं' हे वाक्य आपल्या डोक्यात राहिलं ते जुन्या काळातून. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. त्याआधीची तफावत आज राहिलेली नाही. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण गाडी निवडतो ती प्रवासाचे साठ दिवस डोळ्यांपुढे ठेवून. उरलेले तीनशे दिवस ती काय करते? सोसायटीच्या आवारात उभी राहते, नाहीतर भाजी आणायला आणि नातवाला शाळेत सोडायला जाते. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला ती तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. कॉलेज रोडच्या गर्दीत ते होत नाही. मग दिवा लागतो, गॅरेजची फेरी होते. डिझेल घेतलंच असेल तर आठवड्यातून एकदा सिन्नर किंवा घोटीपर्यंत जाऊन या. पेट्रोल गाडीला हा त्रास फारसा नाही. पण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि त्यात ऊर्जाही पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते इंधन ठेवू नये. जुनी गाडी घेत असाल तर ती या मिश्रणाला चालते का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

सीएनजी पैशाला सर्वांत स्वस्त. पण डिकीत सिलिंडर बसतं, आणि आपल्याला तर तिथेच बिछाना-सामान ठेवायचं आहे. पंपावर रांग असते, आडवळणाच्या गावी पंपच नसतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणीही करून घ्यावी लागते. गावातल्या फिरण्याला उत्तम, परिक्रमेला अडचणीचं.

कुठे जाणार यावरही बरंच ठरतं. लडाखच्या थंडीत साधं डिझेल गोठू लागतं, म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. दिल्लीकडे जाणाऱ्यांनी दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी केली. पुढे त्यात न्यायालयाचे वेगवेगळे आदेश झाले, तेव्हा निघताना चालू नियम पाहून घ्या. पासष्टाव्या वर्षी घेतलेली गाडी पंचाहत्तरीपर्यंत वापरायची असेल, तर हा मुद्दा हिशेबात धरावाच लागतो.

काही जण म्हणतात, साधी गाडी घेऊ आणि आत पलंग, शेगडी बसवून घेऊ. थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच पाहील. आणि कळकळीने सांगतो : इंजिन चालू ठेवून, एसी लावून, काचा बंद करून गाडीत झोपू नका. गाडीत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. इथे पेट्रोल-डिझेल असा भेद नाही.

आता तिसरा पर्याय, जो वादात कोणी मांडत नाही. गाडी घ्यायचीच का? २० लाखांच्या गाडीचं त्याच दराने वर्षाचं व्याज होतं १,६४,००० रुपये. ड्रायव्हरसह मोठी गाडी २० रुपये किलोमीटरने भाड्याने घेतली, तर ८,००० किलोमीटरचे होतात १,६०,०००. त्यात इंधन आलं. ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल वेगळा धरा, पण स्वतःच्या गाडीचा विमा, टायर आणि घसाराही धरा. वयाची पंचावन्न उलटली की लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, यातही एक सूचना आहे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर इंजिन कोणतं हा प्रश्न दुय्यम आहे.

तेव्हा निर्णय असा : वर्षाला १५,००० च्या वर चालवणार, गाडी भरलेली, घाटवाटा जास्त, आणि एरवीही ती महामार्गावर फिरत राहणार, तर डिझेल घ्या. आठ-दहा हजारांच्या आत, दोघंच जण आणि बाकी वर्ष गावात, तर पेट्रोल. याहून कमी असेल तर भाड्याची गाडी, आणि चाकांवरच्या घराची हौस असेल तर कॅरॅव्हॅनही चार दिवस भाड्यानेच घेऊन पाहा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "हिशेबाने पेट्रोल येतं, पण यांचं मन डिझेलवर आहे. काय करावं?" ताई, त्यांना आवडीसाठी दोन लाख खर्च करू द्या, फक्त त्याला बचत म्हणू देऊ नका. आवड हेही प्रयोजन आहे, ते उघडपणे सांगितलं की वाद संपतो. आणि गाडी कोणतीही आली तरी मागची नव्हे, पुढची सीट तुमची. तेवढं आधी ठरवून घ्या.