सोन्याची तोफ आणि सफन्याचे भाकीत

बडोदे शहराच्या दक्षिणेस असलेले मांजलपूर हे एके काळचे खेडे आज शहरातच सामावून गेले आहे. शेतांच्या जागी घरे उभी राहिली. अशा ठिकाणी जमिनीचा भाव चढू लागला की मनुष्याचा भरवसा नकळत पैशावर जडतो. प्रिय वाचकहो, आपल्या गावांनाही हा अनुभव नवा नाही. म्हणून सफन्या संदेष्ट्याचे भाकीत आपण अवश्य वाचावे.

ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात, योशिया राजाच्या अमदानीत, यरुशलेमेचे व्यापारी सुखात लोळत होते. परमेश्वर आपले बरेही करीत नाही आणि वाईटही करीत नाही, अशी त्यांच्या मनाची समजूत झाली होती. क्रोधाच्या दिवशी तुमचे सोने-रुपे तुम्हांस सोडविणार नाही, असे संदेष्ट्याने त्यांना बजाविले. पुढे ख्रिस्तपूर्व 587 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ती नगरी जाळली. परंतु सफन्याचे भाकीत विनाशापाशी थांबत नाही. परमेश्वराच्या नामाचा आश्रय घेणारे दीन व नम्र लोक शेष राहतील, असे आश्वासन तिसऱ्या अध्यायात आहे.

बडोद्याच्या इतिहासातही विचार करण्याजोगा एक प्रसंग आहे. मल्हारराव गायकवाड 1870 साली गादीवर आले. त्यांनी सोन्याची तोफ ओतविली आणि खजिना रिता होत गेला. 1875 साली इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत करून मद्रासेस पाठविले. तेथेच 1882 साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे. तथापि सोन्याची तोफ गादी राखू शकली नाही, एवढे मात्र खरे.

त्यांच्यामागून नाशिककडील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. तेच सयाजीराव महाराज. संपत्ती त्यांच्याही हाती होती. परंतु 1906 साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तोफेच्या सोन्याने जे साधले नाही, ते गरिबांच्या मुलांच्या पाटीने साधले.

धन असणे पाप नव्हे. धनाला देव मानणे हे पाप होय. वाडवडिलांची जमीन विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी कुटुंबाच्या प्रार्थनेत स्वतःस विचारावे: या पैशाने मुले शिकतील काय? भावाभावांत वैर तर येणार नाही ना? गरजू शेजाऱ्यास त्यातून काही मिळेल काय? आणि हा पैसा उद्या गेला, तर आपली श्रद्धा उरेल काय? शेवटच्या प्रश्नास ज्याला निर्भयपणे ‘होय’ म्हणता येईल, तोच खरा श्रीमंत.