मान चोळण्याआधी चेहरा बघा

शेतात राबणाऱ्याला मान आखडणे नवीन नाही. डोक्यावर चाऱ्याचा भारा किंवा उसाची मोळी वाहिली की मानेत उसण भरते. शेक-शेकोटी केली की दोन-चार दिवसांत ती उतरतेही. पण क्वचित एखाद्याच्या मानेचे दुखणे स्नायूंचे नसते. ते आतल्या रक्तवाहिनीचे असते. ते ओळखता आले पाहिजे.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून जातात; दोन पुढून, दोन मागून मणक्यांतून. मोटारीची जुनी रबरी नळी आतून फाटली, की सुटलेला पदर पाणी अडवतो. तसेच इथे होते. धमनीचा आतला पदर चिरतो, रक्त भिंतीत शिरते आणि वाट अरुंद होते. तिथे धरलेली गुठळी मेंदूत गेली, तर अंगावरून वारे जाते. पन्नाशीच्या आतल्या माणसाला पक्षाघात होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुचाकीवरून पडणे, बैलाची धडक, मालिश करताना कडकन मान मोडून घेणे, अशी कारणे असतात. कधी जोराचा खोकलाही पुरतो, तर कधी कारण सापडतच नाही. पक्षाघात काही तासांनी येतो, तसा काही दिवसांनीही येतो. तोवर घरची माणसे तो झटका विसरून गेलेली असतात.

मान किंवा डोके एका बाजूला अचानक, पूर्वी कधी दुखले नाही असे दुखू लागले आणि सोबत पुढीलपैकी काहीही दिसले, तर थांबू नका :

• एका डोळ्याची पापणी उतरणे, बाहुली लहान होणे
• तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे
• भोवळ, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, घास न गिळणे

अशा वेळी मान चोळू नका, पाणी पाजू नका, मनाने गोळी देऊ नका. अपघात झाला असेल, तर मान हलू न देता झोपवा. १०८ क्रमांकाला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते.

गंगाखेडला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथून परभणी सुमारे ४० किलोमीटर. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा आणि सी. टी. स्कॅनची सोय कुठे आहे ते फोनवरच विचारा.

डॉक्टरांना एवढे जरूर सांगा : “चार दिवसांपूर्वी मानेला झटका बसला होता.” डोक्याच्या साध्या स्कॅनमध्ये ही चीर सुटू शकते, मानेच्या रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन करावा लागतो. वेळीच कळले, तर औषधांनी बहुतेकांची धमनी काही महिन्यांत भरून येते.

घरातले कर्ते माणूस पुन्हा बांधावर उभे राहावे, यासाठी ही एक आठवण पुरेशी ठरू शकते.