अडकलेला दट्ट्या

गवत कापण्याच्या लहान यंत्राची दोरी ओढावी आणि ती जागची हलूच नये, असे झाले की बहुधा एंजिनातील दट्ट्या सिलिंडरमध्ये धरलेला असतो. अशा वेळी जोर लावण्याचा मोह आवरावा. ठिणगीचा प्लग काढून ठेवावा, सायलेन्सर सोडवावा आणि त्यामागील छिद्रातून विजेरीच्या उजेडात दट्ट्या पाहावा.

तपकिरी गंज दिसल्यास यंत्र ओलीत पडून राहिले असे समजावे. प्लगच्या भोकातून रॉकेलमिश्रित तेल सोडून एक-दोन दिवस मुरू द्यावे. मग चाक हाताने किंचित मागेपुढे करावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. हातोडी उचलणाऱ्याचा खर्च मात्र वाढतो.

दट्ट्यावर उभे, चकाकणारे ओरखडे असतील तर दोष वंगणाचा किंवा उष्णतेचा. दोन आघातांच्या अशा एंजिनाला तेलाची वेगळी टाकी सहसा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. पन्नासास एक या प्रमाणात ते लिटरमागे अवघे २० मिलिलिटर भरते. तेवढे विसरले की ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापून फुगतो, घासतो आणि त्याचा धातू सिलिंडरच्या भिंतीस माखला जातो. आता सिलिंडर उतरवावाच लागतो. माखलेला धातू बारीक एमरी कागदाने निघून खालचा कठीण मुलामा शाबूत आढळला, तर नवा दट्ट्या व कड्या पुरतात. मुलामा खरवडला गेला असल्यास सिलिंडरही बदलणे भाग.

जोडणीपूर्वी सिलिंडरबाहेरील पट्ट्यांत अडकलेले गवत काढावे, आणि आसाजवळची सीले तपासावीत. तेथून हवा शिरत राहिली तर मिश्रणातील इंधन कमी पडते, व नवा दट्ट्याही लवकरच धरतो.