हळदीच्या उन्हातली काळी काच

हिंगोली जिल्ह्यातला वसमत तालुका हळदीचा. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. याच तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात हळद शिजून उन्हात वाळत पडते आणि मागोमाग लग्नसराई येते. कॅमेऱ्याला काम भरपूर, पण डोक्यावर ऊन मरणाचं.

अशा उन्हातल्या व्हिडिओत माणसं झटके देत चालल्यासारखी दिसतात. सेकंदाला २५ चित्रं टिपायची तर प्रत्येक चित्राला शटर साधारण १/५० सेकंद उघडं हवं. तेवढ्या वेळात हलता हात किंचित पुसट उमटतो आणि डोळ्याला हालचाल सलग वाटते. उजेड आवरायला शटर १/२००० वर नेलं, की ती पुसट रेघच नाहीशी होते.

शटर १/५० वरच ठेवलं तर? आयएसओ १०० असतानाही कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक करावं लागतं. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, चित्राची धार जाते; शिवाय नवरीमागच्या खुर्च्या, टेम्पो, सगळं ठळक होतं. एफ/२.८ वर यायचं तर उजेड सहा स्टॉपनं घटवायला हवा. दर स्टॉपला तो निम्मा होतो, म्हणजे शेवटी चौसष्टावा हिस्सा उरतो. एनडी ६४ ही करडी काच नेमकं तेवढंच करते, हळदीचा पिवळा रंग न बिघडवता. स्वस्त काचेची तपकिरी झाक हळदीच्या कार्यक्रमात लगेच डोळ्यांत भरते. इथे पैसे वाचवू नयेत.

एनडीनं ऊन सौम्य होतं, हा मात्र गैरसमज. मंडपातली सावली आणि बाहेरचं ऊन सारख्याच प्रमाणात अंधारतात, दोन्हींतला फरक तसाच राहतो. चेहऱ्यावरची काळी सावली घालवायला रिफ्लेक्टर हवा, नाहीतर नवरा-नवरीला सावलीत घ्यावं.

फिरवून गडद होणारा व्हेरिएबल एनडी धावपळीत सोयीचा. त्यात दोन पोलरायझर असतात, त्यामुळे वाइड लेन्सवर फार गडद केला की चित्रावर काळी फुली उमटते.

स्थिरचित्रात मजा वेगळी. जिल्ह्यातल्याच सिद्धेश्वर धरणातून पूर्णेत पाणी सुटलेलं असताना एनडी १००० लावला, तर १/६० सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे १६ सेकंदांचं होतं आणि उसळतं पाणी धुक्यासारखं पसरतं. ट्रायपॉड लागतोच, फोकस काच लावण्याआधी करून घ्यावा.

ही काच डोळ्याला लावून सूर्यग्रहण मात्र कुणीही पाहू नये. दिसणारा उजेड घटतो, तरी अवरक्त किरण आत शिरतात आणि डोळ्याचा पडदा भाजतो, तोही न दुखता. ग्रहणासाठी प्रमाणित चष्मेच वापरावेत.